स्प्रिंग बसली की तेल गेलं?

परतवाड्यात असो की उमरेडला, पुढं शॉकअप असलेली गिअरची सायकल मिस्त्रीकडे नेली की निदान ठरलेलं असतं: “भाऊ, स्प्रिंग बसली याची. जाड तेल टाकून देतो, कडक होऊन जाईन.” मिस्त्रीचा हात सरावाचा असतो, पण या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी एकत्र झालेली असतात. स्प्रिंग कमजोर असेल तर ते दुखणं तेलानं जात नाही, आणि तेल संपलं असेल तर स्प्रिंग बदलून फायदा नाही.

स्प्रिंग फक्त अंतर ओळखते. जितकी दाबाल तितक्या प्रमाणात ती उलट ढकलते. रॉबर्ट हूकनं हा नियम 1678 मध्ये छापला. तुम्ही सावकाश दाबलं की खड्ड्यात आदळून झटक्यात दाबलं, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. दाबताना घेतलेली ऊर्जा ती जवळजवळ सगळीच परत करते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची सायकल खड्ड्यातून निघाल्यावरही डुलत राहते. तेलाचं उलट आहे. त्याला अंतर कळत नाही, वेग कळतो. मेडिकलमधून पाच मिलीची सिरिंज आणा, सुई न लावता पाणी भरा आणि दट्ट्या हळू ढकला, सहज जातो. आता जोरात ढकला, अंगठ्याला विरोध जाणवेल. दट्ट्या मध्येच सोडलात तर तो आहे तिथंच थांबतो, परत येत नाही. चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुपायी भागाच्या) एका पायात हेच चाललेलं असतं. बारीक भोकांतून तेल ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पुस्तकात याला अवमंदन म्हणतात, सायकलवाले डॅम्पिंग म्हणतात. मोटारसायकलीत हे 1935 च्या बीएमडब्ल्यू आर-12 पासून आलं. डोंगरी सायकलींना मात्र त्यासाठी 1990 च्या आसपासपर्यंत थांबावं लागलं.

आता ‘स्प्रिंग बसली’ हे निदान तपासू. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा चार गोष्टींवर ठरतो: पोलादाचा स्वतःचा ताठरपणा, तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या. यातली एकही गोष्ट वापरानं फारशी बदलत नाही. वर्षानुवर्षं दबून स्प्रिंगची लांबी थोडी कमी होते, एवढंच. म्हणजे बसलेली स्प्रिंग नरम झालेली नसते, आखूड झालेली असते. ती बाहेर काढून पट्टीनं मोजा आणि कंपनीनं दिलेल्या लांबीशी ताडून पाहा. दोन-चार मिलिमीटरचाच फरक असेल तर दोष दुसरीकडे शोधायचा.

नवीन स्प्रिंग घ्यायचीच असेल तर तारेची जाडी नीट बघून घ्या, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. पाच मिलिमीटरच्या जागी साडेपाचची तार आली, बाकी सगळं तेच राहिलं, तर स्प्रिंग जवळपास दीडपट कडक होते. हातात धरून हा फरक कळतसुद्धा नाही. आपल्याकडे आणखी एक उपाय चालतो, वेढे कापण्याचा. स्प्रिंग नरम व्हावी म्हणून दोन वेढे उडवतात. पण उरलेल्या प्रत्येक वेढ्याला आता जास्त दबावं लागतं, त्यामुळे कापलेली स्प्रिंग आधीपेक्षा कडक होते आणि वर आखूडही. दहातले दोन वेढे गेले की कडकपणा सव्वापट. चिमट्याच्या वरच्या टोकाच्या गोल घुंडीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती फिरवल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते इतकंच.

योग्य स्प्रिंग कोणती, हे तुमचं वजन सांगतं. कंपन्या मऊ, मध्यम, कडक अशा स्प्रिंगा वजनाप्रमाणे देतात आणि सायकलीत येते ती बहुतेक मध्यम, म्हणजे सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाची. अकरावीतला पंचेचाळीस किलोचा पोरगा तीवर बसला तर चिमटा जागचा हलत नाही. घरचे मग दुकानदाराला दोष देतात. तपासणी सोपी आहे. आतल्या चकचकीत नळीवर एक केबल टाय सैल बांधा, खाली रबरापर्यंत सरकवा, दप्तरा-डब्यासकट हलकेच सायकलवर बसा आणि तितक्याच हलकेच उतरा. शंभर मिलिमीटर चाल असलेल्या, म्हणजे तेवढा दबू शकणाऱ्या चिमट्यात तो टाय वीस-पंचवीस मिलिमीटर वर सरकायला हवा. दहावरच अडला तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे, चाळीसवर गेला तर मऊ. (मागच्या कॅरिअरवरच्या दुधाच्या कॅनचा हिशेब यात धरू नका, तो भार मुख्यतः मागच्या चाकावर असतो.) हे करून झाल्याशिवाय तेलाच्या बाटलीला हात लावू नये, असं माझं मत आहे.

तेलाच्या बाबतीत विदर्भाची गोष्ट खरोखर वेगळी आहे, कारण आपलं हवामान. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-नागपूरकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, मे महिन्यात दुपारी पंचेचाळीसच्या वर जातो. साध्या खनिज तेलाची श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, एवढ्या फरकात सुमारे सहापट बदलते. त्यात उन्हात उभ्या केलेल्या सायकलीचा काळा चिमटा हवेपेक्षाही तापतो. चांगल्या शॉकअप तेलात हा बदल कमी व्हावा म्हणून वेगळं मूळ तेल आणि मिश्रणं वापरतात. महाग बाटलीचे पैसे बरेचसे याचेच असतात. आपल्या रस्त्यांवर चालवण्यानं तेल फारसं तापत नाही. ऐंशी किलोचा भार वीस सेंटीमीटरवरून खाली आला तर साधारण 157 ज्यूल ऊर्जा सुटते. ती सगळी शंभर मिली तेलातच गेली असं धरलं तरी तापमान एक अंशही वाढत नाही. चिखलदऱ्याच्या घाटातली लांब, खडबडीत उतरण सोडली तर तेल तापवण्याचं काम सायकलस्वारापेक्षा सूर्यच जास्त करतो.

जाड तेलाचा तोटा दिसतो तो पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेवर. पावसाळ्यात बैलगाडी-ट्रॅक्टरनं तुडवलेली काळी माती हिवाळ्यात वाळते तेव्हा खुरांचे आणि चाकांचे ठसे दगडासारखे कडक होऊन बसतात. समजा अर्ध्या-अर्ध्या मीटरवर उंचवटे आहेत आणि तुम्ही ताशी 18 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला पाच मीटरनं चालला आहात. सेकंदाला दहा धक्के. चिमट्याला दबून परत वर यायला प्रत्येक वेळी एक दशांश सेकंद मिळतो. तेल जाड असेल तर तेवढ्यात तो पूर्ण वर येत नाही, आणि दुसरा धक्का येतो तेव्हा अर्धवट दबलेलाच असतो. तिसऱ्याला आणखी खाली. पंधरा-वीस मीटरमध्ये सगळी चाल संपते आणि हँडल मनगटावर हाणायला लागतं. स्वार म्हणतो, स्प्रिंग बसली. मिस्त्री आणखी जाड तेल टाकतो.

साध्या भोकाच्या डॅम्परमध्ये, म्हणजे चिमट्यातल्या तेलाच्या यंत्रणेत, अजून एक गंमत आहे. तेल हळू वाहतं तोवर विरोध श्यानतेवर अवलंबून असतो. वेग वाढून प्रवाह खळाळता झाला की विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तिथं तेलाच्या पातळ-जाडपणाला फारशी किंमत राहत नाही. म्हणून स्वस्त डॅम्पर मोठ्या दगडावर एकदम काठीसारखा ताठ होतो, तेल कोणतंही घाला. महागड्या डॅम्परमध्ये भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची गड्डी असते. जोराचा दाब आला की चकत्या वाकतात आणि वाट मोठी होते.

तेल कोणतं घालायचं? मोटारसायकलच्या इंजिनचं 20डब्ल्यू-40 नको. 40 अंशांना त्याची श्यानता शंभर सेंटीस्टोकच्या (हे श्यानतेचं माप) वर असते, सायकलच्या डॅम्परला साधारण पंधरा ते पस्तीसच्या मधलं तेल लागतं. बाटलीवरच्या 5 किंवा 10 या आकड्यावर विसंबू नका, कारण एका कंपनीचं पाच दुसरीच्या साडेसातसारखं निघू शकतं. बाजूला सेंटीस्टोकचा आकडा छापलेला असतो, तो बघावा. घरातलं तेल तर मुळीच नको. आपल्या भागात जवस पिकतं, आणि जवसाचं तेल रंगात घालतात ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतं, घट्ट पापुद्रा धरतं म्हणूनच. शेंगदाण्याचं तेल तितकं वाळत नाही, पण रबरी सीलपाशी कालांतरानं चिकट राड करतंच.

काम स्वतः करायचं ठरवलंत तर आधी खात्री करा की तुमच्या चिमट्यात तेल आहे. सर्वांत स्वस्त सायकलींच्या चिमट्यात नुसती स्प्रिंग, रबराचा तुकडा आणि ग्रीस असतं. हँडल दाबून सोडल्यावर चिमटा टणकन वर आला तर बहुधा तसाच प्रकार. त्यात तेल ओतलं तर ते फक्त खालून गळेल. हवेवर चालणारा चिमटा असेल तर आधी हवा पूर्ण सोडा. त्यात टायरच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो, आणि तशा अवस्थेत झाकण उघडणं म्हणजे जिवाशी खेळ.

पुढचं काम चिखलाचं आहे, अवघड नाही. खालचे दोन बोल्ट तीन-चार आटे सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत, आणि त्यांच्यावर प्लास्टिकच्या हातोड्यानं ठोकायचं म्हणजे आतला दांडा सुटतो. मग बोल्ट काढून खालचे पाय ओढले की जुनं तेल घमेल्यात पडतं. पायांतलं हे तेल फक्त वंगणाचं, पाच ते पंधरा मिली. डॅम्परचं तेल वेगळं, वरच्या नळीत बंद. कंपन्या खालचं तेल साधारण पन्नास तासांच्या वापरानंतर बदलायला सांगतात, डॅम्परचं शंभर-दोनशे तासांनी.

पडलेलं तेल एकदा नीट बघा. पांदणीत चालणाऱ्या सायकलीचं तेल करड्या लापशीसारखं निघतं. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहून लहान असतात, रबराच्या ओठाला ते अडवता येत नाहीत. त्यात थोडं पाणी मिसळलं की बारीक पॉलिश पेपरसारखी घासाघीस सुरू होते. बोटावर घेऊन उन्हात धरा. नुसतं करडं असेल तर चिंधीनं पुसून, नळीखालच्या फोमच्या कड्या नव्या तेलात भिजवून, सिरिंजनं मोजून तेल भरा आणि बोल्ट आवळा. चंदेरी चमक दिसली तर आतला बुश (नळी ज्यातून सरकते ती कडी) किंवा नळीचा लेप झिजायला लागला आहे. अशा वेळी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली की चिमट्यात खटखट जाणवते, आणि त्यावर ना नवी स्प्रिंग चालते ना नवं तेल. बुश बदलावा लागतो.