दाढेचा तुकडा पडला म्हणून लगेच कॅपच बसवायची का?

गेल्या महिन्यात आमटीभात खाताना आईच्या दाताखाली खडा आला, कट्ट आवाज झाला आणि खालच्या दाढेचा जिभेकडचा एक कोपरा तुटून हातातच आला. दुखत काही नव्हतं, पण जीभ सारखी तिथंच जायची आणि धार लागायची. पहिल्या दवाखान्यात म्हणाले कॅप बसवून टाका, दुसरीकडे डॉक्टरांनी एक्सरे काढला, दाढ वाळवून भिंगातून नीट बघितली आणि म्हणाल्या, बाकीचे कोपरे शाबूत आहेत, ते कशाला घासायचे?

मुद्दा इथंच आहे. कॅप म्हणजे दाढेवर घातलेली टोपी, आणि ती बसायला जागा हवी म्हणून दाढ वरून आणि चारही बाजूंनी घासावी लागते. हिरडीच्या वर दिसणाऱ्या दाढेचा साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग पूर्ण कॅपसाठी जाऊ शकतो, आणि त्यात चांगला भागही जातो. हाड जुळतं, कातडी भरून येते, पण इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. शिवाय जितकं जास्त घासणार तितकं आतल्या नसेच्या जवळ जाणार, त्यामुळे कॅप बसवलेल्या काही दाढांना पुढे रूट कॅनल करावं लागतं.

आईला ऑनले केला, म्हणजे गेलेल्या भागापुरताच सिरॅमिकचा तुकडा बनवून चिकटवला. पूर्वी चांदी भरायची तर खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरायचे, म्हणजे भरलेलं अडकून राहावं, कारण ती दाताला चिकटायची नाही. १९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्यांनी दाखवलं की फॉस्फोरिक ॲसिड लावलं की इनॅमलवर बारीक छिद्रं पडतात आणि रेझिन, म्हणजे चिकटवायचा प्लास्टिकसारखा पदार्थ, त्यात शिरून पक्कं धरतं. मी स्क्रीनवर बघत होतो, निळी जेल काही सेकंद लावली, धुतली, हवेने वाळवली, आणि मघाशी चकाकणारी कड एकदम खडूसारखी पांढरी झाली! थुंकी लागली तर ही पकड बिघडते, म्हणून दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून लावतात, त्याचा कंटाळा येतो पण तो लावू द्या.

सगळ्यांना हे जमतंच असं नाही. तुकडा हिरडीच्या खाली खोल गेला असेल, चहूबाजूच्या भिंती पातळ झाल्या असतील, तर कॅपच बरी. रूट कॅनल झालेल्या दाढेचे कोपरेही बहुतेक वेळा झाकावेच लागतात, नाहीतर ती पुढे उभी चिरू शकते. चावून सोडताना कळ येत असेल तर चीर असू शकते, तिथं थांबू नका. बाकी भूल द्यायच्या आधी एवढं विचारा की चांगला भाग किती उरलाय आणि त्यातला किती घासणार.

आईची दाढ दोन खेपांत झाली, निळा कागद चावायला देऊन उंच लागणारा ठिपका तेवढा घासला, आणि आता ती त्याच बाजूने भाकरी खाते.