बाह्य हार्ड डिस्कचा बिघाड आणि फोटोसंग्रह

यूएसबीने जोडलेली हार्ड डिस्क हळूहळू निकामी होऊ लागली की तिच्यावरच्या फोटोसंग्रहात गोंधळ सुरू होतो, आणि तो बहुतेकदा सॉफ्टवेअरचा दोष समजला जातो. लाइटरूम क्लासिक या फोटो सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरवर प्रश्नचिन्ह, फोटोवर उद्गारचिन्ह येते, आयात अर्ध्यावर अडकते. अशा वेळी कॅटलॉग (फोटो कुठे आहेत आणि त्यांवर काय काम केले याची सॉफ्टवेअरची नोंदवही) दुरुस्त करायला बसणे हीच पहिली चूक. फोल्डर सिंक करताना ‘न सापडणारे फोटो काढा’ ही खूण तशीच राहिली, तर डिस्कला न वाचता आलेले फोटो सॉफ्टवेअर हटवलेले समजते. त्यांच्याबरोबर तारे, कीवर्ड आणि फक्त कॅटलॉगमध्ये साठवलेले रंगांचे कामही जाऊ शकते.

सगळेच फोटो एकदम हरवले असतील तर डिस्क बहुधा ठणठणीत असते. विंडोजने तिचे अक्षर ई चे एफ केलेले असते, किंवा नीट इजेक्ट न केल्यामुळे मॅकने तिच्या नावापुढे १ जोडलेला असतो. अक्षर पूर्ववत केले किंवा फोल्डरची नवी जागा दाखवली की काम झाले. इथे-तिथे थोडे थोडे फोटो गळत असतील तर मात्र डिस्कवर संशय घ्यावा.

आधी केबल बदलावी आणि हब काढून थेट पोर्टला जोडून पाहावे. अडीच इंची डिस्क पोर्टमधूनच वीज घेते, यूएसबी २.० ची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल या प्रोग्रामांनी स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीविषयी ठेवते त्या नोंदी) पाहाव्यात. ५ (बदललेले सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे), १९७ (वाचता न आलेले, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) या क्रमांकांच्या नोंदींचे आकडे शून्यावरून चढू लागले की भरवसा संपला. १९९ ही नोंद डिस्क आणि ती बसवलेल्या डबीतले सर्किट यांच्यामधल्या जोडणीची आहे. यूएसबी केबलचा दोष त्यात दिसत नाही. काही डब्या या नोंदी पुढे पाठवतच नाहीत. टकटक आवाज येत असेल तर वीज तोडून डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा आत दव धरवतो, तो करू नये.

आवाज नसेल तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रतिमा (सेक्टरगणिक हुबेहूब नक्कल) तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. हे साधन आधी सुखरूप भाग उचलते, हट्टी सेक्टरकडे नंतर वळते. मॅप फाइल (कुठवर काम झाले याची नोंद) दिलेली असली तर मध्येच थांबूनही पुढे चालू करता येते. १ टीबीची धडधाकट डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने पावणेतीन तासांत उतरते. आजारी डिस्कला दिवस लागतात. चेकडिस्क हे विंडोजचे दुरुस्तीचे साधन मूळ डिस्कवर चालवू नये, कारण ते तिच्यावरच लिहिते. विंडोजने ‘फॉरमॅट करायचे का?’ विचारले तर उत्तर नाही.

पुढची सगळी दुरुस्ती प्रतिमेच्या प्रतीवर करावी. फाइल सिस्टिम (फाइलींची नावे आणि जागा यांची डिस्कवरची मांडणी) मोडली असेल तर फोटोरेक हा प्रोग्राम फाइली त्यांच्या आतल्या खुणांवरून शोधतो, पण नावे आणि फोल्डर परत येत नाहीत. ‘गणपती २०१६’ हा फोल्डर एफ आणि आकडे अशा नावांच्या ढिगात मिसळतो. एक्झिफटूल हे साधन एक्झिफमधून (कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेली माहिती) फोटो काढल्याची तारीख वाचून वर्ष-महिन्याचे फोल्डर पुन्हा लावू शकते. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो इथे अडतात: त्यांची एक्झिफ माहिती सहसा गळलेली असते, तारीख फक्त नावात असते, आणि नावच गेलेले असते.

थंबनेल नीट दिसते म्हणून फोटो वाचला असे धरू नये. छोटे थंबनेल जेपीईजीच्या सुरुवातीलाच साठवलेले असते. फाइलच्या मधला ४०९६ बाइटचा एक सेक्टर गेला तरी तिथून खालचा सगळा भाग करडा किंवा भलत्या रंगाचा होतो, कारण संकुचित माहितीचा प्रत्येक भाग आधीच्या भागावर टेकून वाचला जातो. म्हणून फोटो पूर्ण आकारात उघडून तपासावेत. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) बिघडली असली तरी तिच्यात दडलेली जेपीईजी झलक अनेकदा एक्झिफटूलने बाहेर काढता येते. ही तपासणी आटोपल्यावरच कॅटलॉगला नवी जागा दाखवावी, आणि जुनी डिस्क तोवर फेकू नये.