सोनभद्रच्या ‘३,००० टन सोन्या’चा हिशोब

‘उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रमध्ये ३,००० टनांहून जास्त सोनं सापडलं’ ही फेब्रुवारी २०२० मधली बातमी अजूनही फिरते. ती खोटी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तेव्हाच खुलासा केला होता: सोनभद्रमधल्या सोना पहाडीतला अंदाज ५२,८०६ टन खनिजाचा, म्हणजे सोनं असलेल्या दगडाचा आहे, आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. गुणाकार स्वतःच करून पाहा. १,६०,००० ग्रॅम, म्हणजे फक्त १६० किलो!

साठ्याचे टन म्हणजे धातूचे टन नव्हेत, एवढं लक्षात ठेवलं तरी अशा बातम्या लगेच ओळखू येतात. साठ्याचा अंदाज असा काढतात: ठरावीक अंतरावर बोअर घेऊन दगडाचे लांबट, गोल नमुने वर काढतात. त्यावरून खनिजपट्ट्याची लांबी, रुंदी, जाडी ठरते. त्या घनफळाला घनतेने गुणलं की खनिजाचे टन मिळतात. टनामागे धातू किती, ते प्रयोगशाळा सांगते. दोन बोअरांमधला दगड मात्र कुणी पाहिलेला नसतो, म्हणून बोअर जितके विरळ तितका आकडा कच्चा. शिवाय त्या १६० किलोंतलंही सगळं हाती येणार नाही. दळून, प्रक्रिया करून उरलेल्या गाळात थोडं सोनं राहतंच.