संशोधनाआधीची परवानगी: विशेष शाळा, जनुकांची प्रयोगशाळा आणि खोडदची दुर्बीण

पीएचडीची नोंदणी झाली, सिनॉप्सिस मंजूर झाला, गाईडचा होकार आला, की कामाला लागायला हरकत नाही, असा समज सर्रास आढळतो. विद्यापीठाची मंजुरी विषयाला असते. विशेष शाळेतल्या मुलांची चाचणी घ्यायला, जिवाणूत परके जनुक घालायला किंवा मोठी दुर्बीण वापरायला वेगळ्या समित्यांची परवानगी लागते. ती मागच्या तारखेने मिळत नाही. गोळा करून ठेवलेली माहिती नंतर 'नियमित' करून घेण्याची सोय नाही, आणि प्रबंध किंवा शोधनिबंध नेमका तिथेच अडतो.

विशेष शाळेतील मुलांसोबतचे संशोधन

'माझी फक्त प्रश्नावली आहे' किंवा 'मी फक्त शिकवण्याची पद्धत तपासतोय' म्हणून सूट मिळत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिव्यांग मुले असुरक्षित गटात येतात. त्यामुळे जोखीम नगण्य असली तरी प्रस्ताव एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या, पूर्ण बैठकीपुढे जातो. कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि गणपूर्तीला किमान ५ जण लागतात. बैठकीची तारीख आधी विचारून घ्या, कारण गणपूर्तीअभावी बैठक पुढे गेली की शाळेचे सत्र हातचे जाते. तुमच्या महाविद्यालयात कमिटी नसेल तर सामंजस्य करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येते.

दुसरी पायरी बहुतेकांना माहीतच नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६(२) नुसार दोन गोष्टी झाल्याशिवाय दिव्यांग व्यक्तीवर कोणतेही संशोधन करता येत नाही. पहिली, त्या व्यक्तीला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त संमती. दुसरी, शासनाने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी. या समितीचे निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत दिव्यांग संस्थांचे असावे लागतात. ही अट कागदी नाही. ज्यांच्यावर संशोधन व्हायचे त्यांचाच आवाज त्यात असावा, म्हणून ती घातली आहे. महाराष्ट्रात विशेष शाळांचा कारभार दिव्यांग कल्याण विभाग आणि पुण्यातील आयुक्तालयाकडे असल्याने अर्ज तिकडे लेखी द्यावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. एथिक्स कमिटीचे पत्र या परवानगीची जागा घेत नाही.

इथेच आणखी एक घोळ होतो. शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र घेऊन विद्यार्थी विशेष शाळेत जातो आणि मुख्याध्यापक त्याला परत पाठवतात. ते पत्र सर्वसाधारण शाळेतल्या समावेशित शिक्षणाच्या मुलांसाठी चालते. विशेष शाळा शिक्षण विभागाखाली नाहीत.

*संमती कोणाची आणि कशी*

मुख्याध्यापकांची सही म्हणजे शाळेत येण्याची परवानगी, ती संमती नव्हे. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी पालकांच्या वतीने केलेली सहीही चालत नाही. निवासी शाळेत पालक दूरच्या गावी असतात. फॉर्म मुलाच्या दप्तरातून पाठवला तर सही येते, पण पालकांना काही समजलेले नसते. सुट्टीला मुलांना न्यायला किंवा सभेला पालक येतात तो दिवस धरून वेळापत्रक आखावे. पालक अंगठा देणार असतील तर शाळेचा किंवा तुमचा नसलेला, तटस्थ साक्षीदार हवा. जोखीम किरकोळ असेल तर एका पालकाची संमती साधारणपणे पुरते.

याशिवाय मुलाचा स्वतःचा होकार लागतो. ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा होकार पालकांसमोर तोंडी घेऊन नोंदवायचा, १२ ते १८ वयात तो लेखी घ्यायचा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र जन्मतारखेपेक्षा आकलन पाहावे लागते. कर्णबधिर मुलासाठी भारतीय सांकेतिक भाषेतला व्हिडिओ, अंध मुलासाठी ब्रेल, बौद्धिक अक्षमतेसाठी चित्रांची पाने, असे साहित्य प्रस्तावासोबतच जोडा. बोलू न शकणारा मुलगा नकार कसा देतो हेही आराखड्यात लिहा: कागद ढकलून देणे, कान झाकणे, उठून कोपऱ्यात जाणे. असे दिसले की चाचणी थांबेल, हे वाक्य तिथे असायलाच हवे. 'मूड नव्हता, नंतर पुन्हा घेतली' हे स्पष्टीकरण कोणतीही चांगली कमिटी मान्य करणार नाही, आणि करूही नये.

कार्यशाळेत शिकणारे १८ वर्षांपुढचे विद्यार्थी असतील तर आई-वडिलांची सही आपोआप कायदेशीर ठरत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालकत्व देते. तो आदेश असेल तर त्याची प्रत जोडा. नसेल तर त्या व्यक्तीची स्वतःची, आधार देऊन घेतलेली संमती कशी मिळवणार ते लिहा.

कागदपत्रे:
- संशोधनाचा आराखडा आणि पालकांसाठी मराठीतले माहितीपत्रक
- संमतीपत्र, मुलाच्या होकाराचे साहित्य
- छायाचित्रण होणार असेल तर त्याची स्वतंत्र संमती
- शाळेचे पत्र, सर्व संशोधकांचे सहीचे परिचयपत्र
- चाचणी भाषांतरित करायची असेल तर तिच्या हक्कधारकाची परवानगी
- मूल्यमापन करणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा सीआरआर (नोंदणी) क्रमांक, नूतनीकरण झालेला

प्रस्ताव परत येण्याची कारणे बहुधा हीच असतात. संमतीपत्र इंग्रजीवरून उतरवलेले असते, वाचून पालकाला काहीच बोध होत नाही. नियंत्रण गटातल्या, म्हणजे तुलनेसाठी जुन्याच पद्धतीने शिकणाऱ्या, मुलांना नवी पद्धत कधीच मिळणार नसते. अभ्यास संपल्यावर त्यांनाही ती शिकवण्याची तारीख द्यावी. आणि गोपनीयता. तालुक्यात कर्णबधिरांची एकच शाळा असेल तर 'मुलगी, १३ वर्षे, अमुक तालुका' एवढ्यावरून नाव कळते. नाव झाकून भागत नाही, तालुकाही झाकावा लागतो.

लाळेचा नमुना घ्यायचा असेल तर

विशेष शिक्षण आणि रेण्वीय जीवशास्त्र इथे भेटतात. समजा, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये फ्रॅजाइल एक्स हा आनुवंशिक विकार तपासायचा आहे. एफएमआर-१ जनुकात सीजीजी या तुकड्याची पुनरावृत्ती २०० च्या वर गेली की हा विकार मानतात, ५५ ते २०० मध्ये व्यक्ती वाहक असते. म्हणजे मुलाची लाळ तपासली की आईबद्दलही माहिती निघते. म्हणून जनुकीय समुपदेशन कोण करणार, निकाल कोणाला सांगणार, उरलेला नमुना किती काळ ठेवणार किंवा नष्ट करणार, हे सर्व संमतीपत्रात स्वतंत्र कलमांत हवे. 'भविष्यातील संशोधनासाठी' अशी मोघम ओळ टाकू नका. हो किंवा नाही अशा दोन चौकटी द्या. असे काम जैववैद्यकीय असल्याने एथिक्स कमिटीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे आहे का, हे आधी तपासा. नमुने परदेशी प्रयोगशाळेशी भागीदारीत पाठवायचे तर आयसीएमआरच्या छाननी समितीची मंजुरीही लागते.

जनुक बदलाचे प्रयोग

नुसता डीएनए वेगळा काढणे वेगळे आणि जिवाणूत जनुक घालणे वेगळे. दुसऱ्या कामाला पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खालचे १९८९ चे नियम लागू होतात आणि संस्थेची जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, लागते. तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो, आणि कामकाज भारतीय जैवसुरक्षा ज्ञान पोर्टलवरून चालते. कमी जोखमीच्या प्रयोगांची समितीला सूचना द्यायची. त्यापुढच्यांना समितीची आगाऊ मंजुरी लागते. जास्त जोखमीचे प्रस्ताव समिती दिल्लीच्या आरसीजीएमकडे, म्हणजे जैवतंत्रज्ञान विभागातल्या जनुक बदलाच्या पुनरावलोकन समितीकडे, पाठवते. आयबीएससीची बैठक वर्षातून किमान दोनदा व्हावी लागते. काही संस्थांत ती तेवढीच होते, म्हणून एक बैठक चुकली की सहा महिने गेले असे समजा.

अर्जात यजमान जीव, वाहक प्लास्मिड (जनुक आत नेणारे डीएनएचे वर्तुळ), घातलेले जनुक आणि ते कुठून आणले, प्रतिजैविक-रोधाची खूण, हे सगळे नेमके लिहा. 'ई. कोलाय' एवढेच लिहिलेला अर्ज हमखास परत येतो. डीएच-५ अल्फा ही प्रयोगशाळेत दुबळी झालेली जात पहिल्या जोखीम गटात मोडते. ओ-१५७ माणसाला आजारी पाडते. जात लिहिल्याशिवाय समितीने कोणता गट धरायचा?

सुविधांच्या छायाचित्रांतही चूक होते. जैवसुरक्षा पातळी दोनसाठी लागणारे दुसऱ्या वर्गाचे बायोसेफ्टी कॅबिनेट म्हणून लॅमिनार फ्लोचा फोटो लावला जातो. आडव्या लॅमिनार फ्लोमध्ये गाळलेली हवा आतून काम करणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्यात नमुना स्वच्छ राहतो, माणूस सुरक्षित राहत नाही. कॅबिनेटची हवा तपासल्याचा चालू वर्षाचा दाखला जोडा. कचऱ्याबद्दल लिहिताना जिवाणूंच्या प्लेट आधी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) होतील आणि मगच पिवळ्या पिशवीत जातील, हा क्रम स्पष्ट हवा.

जीएमआरटीचा वेळ

जुन्नर तालुक्यातील खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. इथे मंजुरीचा प्रश्न जोखमीचा नाही, वेळेच्या वाटणीचा आहे. जगातला कोणीही संशोधक अर्ज करू शकतो. निरीक्षणाची सत्रे दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. अर्जांची मुदत साधारण जानेवारीच्या आणि जुलैच्या मध्याला संपते. अर्ज दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरए या पुण्यातील संस्थेच्या नॅप्स या संगणकीय प्रणालीवर भरायचा आणि निर्णय वेळवाटप समितीचा.

अर्ज लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा. स्रोत, म्हणजे ज्या खगोलाचे निरीक्षण करायचे तो, उणे ५३ अंश क्रांतीच्या (आकाशातल्या अक्षांशाच्या) दक्षिणेला नाही ना. तेच निरीक्षण आधी कोणी केलेले नाही ना. जुन्या निरीक्षणांचे संग्रहण खुले आहे, आणि १५० मेगाहर्ट्झचे टीजीएसएस सर्वेक्षण उणे ५३ च्या उत्तरेचे बहुतेक आकाश व्यापते. आणि तुमची वारंवारता खरोखर मिळते का. पट्टे असे आहेत: १२०–२५०, २५०–५००, ५५०–८५० आणि १०५०–१४५० मेगाहर्ट्झ. उदासीन हायड्रोजनची रेषा १४२०.४ मेगाहर्ट्झला असते. ०.५ ताम्रसृती (दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या लहरी ताणल्या जाण्याचे माप) असलेल्या दीर्घिकेसाठी ती ९४७ वर सरकते, नेमकी दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत. विज्ञान कितीही चांगले असले तरी असा प्रस्ताव तांत्रिक छाननीतच संपतो.

मागितलेल्या तासांत कॅलिब्रेटरचा, म्हणजे मोजमाप जुळवण्यासाठीच्या ज्ञात स्रोताचा, वेळ धरा. सुरुवातीला आणि शेवटी थ्री-सी-४८, थ्री-सी-१४७ किंवा थ्री-सी-२८६ पैकी आकाशात असलेला एक, आणि मधेमधे स्रोताजवळचा फेज कॅलिब्रेटर. स्रोत किती तास वर असतो यापेक्षा जास्त सलग वेळ मागू नका. अनपेक्षित स्फोटासारखी घटना मुदत संपल्यावर घडली तर संचालकांच्या राखीव वेळेतून वेगळा अर्ज करता येतो. मिळालेली माहिती १८ महिने तुमच्यासाठी राखून ठेवली जाते, नंतर ती सर्वांना खुली होते. प्रबंधाचे वेळापत्रक त्या हिशेबाने लावा.