भुलेतली श्वासाची नळी

संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास सुरू ठेवण्यासाठी तोंडातून, क्वचित नाकातून, स्वरयंत्राच्या पलीकडे श्वासनलिकेत सरकवलेली मऊ प्लास्टिकची नळी. ऑपरेशन थिएटरात तिला ‘ट्यूब’ म्हणतात आणि ती घालण्याला ‘इंट्यूबेशन’. ‘नळी घातली’ म्हटले की नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे आयसीयूतला व्हेंटिलेटर येतो. पण पित्ताशय काढण्याच्या तासाभराच्या ऑपरेशनातही ती असते आणि बहुधा टेबलावरच निघते, त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताही लागत नाही.

इंदूरमध्ये शब्दांचाच आधी घोळ होतो. हिंदीत ‘भूल’ म्हणजे चूक. त्यामुळे रामबाग किंवा लोकमान्य नगरातली मराठी माणसेही दवाखान्यात ‘बेहोशीचे डॉक्टर’ म्हणतात, आणि घरी आल्यावर ‘भूल उतरली का?’ असे विचारतात.

भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्याच्या घशात लाळ उतरली तर ठसका लागतो. भुलेत तो लागत नाही. दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल हे भुलेचे औषध शिरेत गेले की काही सेकंदांत शुद्ध हरपते. त्यानंतरच्या औषधाने स्नायू सैल पडतात आणि श्वासही थांबतो. त्याआधी काही मिनिटे मास्कने ऑक्सिजन दिलेला असतो, त्याच पुंजीवर पुढचे काम चालते. डाव्या हातातल्या लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घसा पाहायच्या दिव्याच्या पात्याने, जीभ बाजूला सारून जबडा वर उचलला की स्वरतंतूंची पांढुरकी फट दिसते. तिच्यातून नळी जाते. आतला व्यास बाईला साधारण ७ ते ७.५ मिलिमीटर, पुरुषाला ८ च्या आसपास. टोकाजवळचा फुगा हवेने फुगवतात आणि दातांपाशी २१ ते २३ सेंटिमीटरची खूण पाहून नळी चिकटपट्टीने बांधतात. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर? स्टेथोस्कोप कधीकधी फसवतो. बाहेर येणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट पडद्यावर दर श्वासाला उमटत राहिली, की जागा बरोबर आहे असे मानतात.

ग्लासगोचे सर्जन विल्यम मॅकेवेन यांनी १८७८ मध्ये तोंडातून नळी घालून भूल दिली. पहिल्या महायुद्धानंतर चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करताना मास्क बसवायला जागाच नसे. तिथे भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल यांनी ही पद्धत घडवली. नळी घालणे अवघड जाईल का हे आधीच ताडण्यासाठी तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावून पडजीभ किती दिसते हे पाहण्याची चाचणी भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपती यांच्या १९८५ च्या लेखामुळे रूढ झाली.

या तपासणीत गुटखा आणि सुपारी आडवी येते. वर्षानुवर्षे खाल्ल्याने गालांची आतली कातडी ताठरते आणि तोंडात तीन बोटे उभी मावत नाहीत. अशा वेळी रुग्ण जागा असतानाच घसा बधिर करून लवचिक दुर्बिणीवरून, बहुधा नाकातून, नळी घालावी लागते. म्हणून डॉक्टरांनी विचारले की सवय लपवू नये. कवळी आणि हलणारा दातही सांगावा; निसटलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. नखांचे पॉलिश काढायला लावतात, कारण बोटावरचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र त्याने फसू शकते.

सर्वांत मोठा घोटाळा ‘उपाशी’ या शब्दाचा. भुलेत पोटातले अन्न वर येऊन फुफ्फुसात उतरले तर जिवावर बेतते, म्हणून ठरलेल्या ऑपरेशनाआधी हलक्या जेवणापासून ६ तास, आईच्या दुधापासून ४ तास आणि साध्या पाण्यापासून २ तासांचे अंतर ठेवतात. तळलेल्या पदार्थांना त्याहून जास्त. आपल्याकडे मात्र उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि केळे. इंदुरात तर खिचडी रात्री सराफा बाजारातल्या खाऊगल्लीतही मिळते. ‘उपास’ पाळून पहाटे वाटीभर खिचडी खाऊन आलेल्याचे ऑपरेशन पुढे ढकलावे लागते. दुधाचा चहाही पाण्यात धरत नाहीत, तो अन्नातच मोजतात; बिनदुधाचा मात्र पाण्यासारखाच, दोन तास आधीपर्यंत चालतो.

कमरेतल्या इंजेक्शनने होणाऱ्या सिझेरियन वा हर्नियाच्या ऑपरेशनात सहसा नळी नसते. उपाशी मात्र तिथेही राहावे लागते, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. नळी निघाल्यावर एकदोन दिवस घसा खवखवतो, आवाज बसल्यासारखा होतो. तो आठवडाभर तसाच राहिला, तर पुन्हा दाखवावे.