कार्बन डायऑक्साइडने शीतकरण : प्रयोगशाळेतील धोके

प्रयोगशाळेत गारवा राखण्यासाठी कार्बन डायऑक्साइड तीन रूपांत वापरतात: सुका बर्फ म्हणजे ड्राय आइस (गोठून घन झालेला हाच वायू), वीज गेल्यावर थंडी टिकावी म्हणून उणे ८० अंशांच्या फ्रीझरला आधार म्हणून जोडलेले द्रवरूप वायूचे सिलिंडर, आणि यंत्राच्या बंद नळ्यांत फिरणारा शीतक, ज्याला आर-७४४ म्हणतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री कामगाराला हा वायू अनोळखी नाही. सिलिकेट मिसळलेल्या वाळूचे साचे तो याच वायूने कडक करतो. पण फाउंड्रीची शेड मोकळी असते. वैद्यकीय महाविद्यालयातली किंवा संशोधन संस्थेतली फ्रीझरची खोली लहान आणि बंद असते, आणि धोका तिथेच वाढतो.

हा वायू गुदमरवतो तो ऑक्सिजनची जागा घेऊन, एवढीच समजूत सर्वत्र आहे. ती अपुरी आहे. कार्बन डायऑक्साइड स्वतःच विषारी आहे: रक्तातले आम्ल वाढते, डोके ठणकते, धाप लागते, भोवळ येते. हवेत तो एरवी ०.०४ टक्के असतो. आठ तासांच्या कामासाठी ०.५ टक्के ही मर्यादा धरतात आणि ४ टक्क्यांना जिवाला तत्काळ धोका मानतात. १० टक्क्यांच्या वर माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो. आता ऑक्सिजन मीटरचे पाहा. कार्बन डायऑक्साइड ४ टक्के झाला तरी ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम २०.१ वर येतो, आणि भोंगा सहसा १९.५ ला वाजतो. म्हणून कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर हवाच. खानापूर, चिकोडीकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात, त्यातही हीच उणीव आहे. ज्योत विझण्याच्या कितीतरी आधी माणसाला बाधा होते.

वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो तळघरात, खड्ड्यात, जमिनीलगत साचतो. सेन्सर छताला लावून उपयोग नाही. एक किलो सुक्या बर्फातून सुमारे ५४० लिटर वायू निघतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत ५ किलो बर्फ विरला तर प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात तो ठेवला तर डबा फुटतो. उघड्या हाताने उचलला तर उणे ७८.५ अंशांची थंडी कातडी जाळते.

सिलिंडरचा प्रश्न निराळा. २० अंशांना आत सुमारे ५७ बार दाब असतो, आणि ३१ अंशांच्या वर द्रव-वायू हा भेदच उरत नाही. बेळगावच्या एप्रिल-मेमधल्या दुपारी पारा सहज त्यापुढे जातो आणि आतला दाब चढतो, म्हणून सिलिंडर सावलीत, साखळीने बांधून ठेवावा. दोन झडपांमध्ये द्रव अडकला तर तापताना नळी फुटू शकते. अशा प्रत्येक तुकड्याला दाबमुक्ती झडप लागते.

आपल्याकडे सर्वांत जपायची वेळ पावसाळ्यातली आहे. वीज जाते, फ्रीझर तापू लागतो, आधाराची झडप आपोआप उघडते आणि वायू खोलीत येतो. त्याच क्षणी एक्झॉस्ट पंखा बंद पडलेला असतो, पावसामुळे खिडक्याही लावलेल्या असतात. म्हणून पंखा आणि सेन्सर दोन्ही जनरेटरच्या लाइनवर घ्यावेत, आणि आकडा दाराबाहेर दिसावा. दारावरची सूचना कन्नडबरोबर मराठीतही लिहावी, कारण रात्री नेमका वॉचमन किंवा साफसफाईच्या मावशी आधी आत जातात. आत कोणी पडलेले दिसले तर धावत जाऊ नये. रुमाल किंवा साधा मास्क हा वायू अडवत नाही. स्वतंत्र हवेचा श्वसनसंच लावलेल्या माणसानेच आत शिरावे.