सेर्गेई ग्रिंकोव्ह यांचे हृदय

२० नोव्हेंबर १९९५ रोजी अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे एका कार्यक्रमाचा सराव सुरू असताना रशियाचे स्केटिंगपटू सेर्गेई ग्रिंकोव्ह वाकले आणि बर्फावर आडवे झाले. त्यांच्या पत्नी व स्केटिंगमधील जोडीदार एकातेरिना गोर्दीवा यांना प्रथम वाटले की पाठीच्या जुन्या दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली असावी. प्रत्यक्षात तो हृदयविकाराचा तीव्र झटका होता आणि त्यातून ते वाचू शकले नाहीत. त्यांचे वय अवघे २८ होते.

मॉस्कोतील लष्करी क्रीडासंस्थेत ही जोडी जमवली गेली, तेव्हा गोर्दीवा दहा वर्षांच्या होत्या आणि ग्रिंकोव्ह त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. १९८६, १९८७, १९८९ आणि १९९० ही चार जागतिक विजेतेपदे आणि कॅलगरी (१९८८) व लिलेहॅमर (१९९४) येथील दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांच्या नावावर आहेत. १९९१ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले.

जोडी स्केटिंगमध्ये पुरुषाच्या शरीरावर पडणारा भार प्रेक्षकांना सहसा जाणवत नाही. एका प्रकारात तो जोडीदाराला डोक्यावरून उंच भिरकावतो, ती हवेत आडवी राहून गिरक्या घेते आणि खाली येताना तो तिला कमरेशी झेलतो; हे सर्व घडताना दोघांचाही वेग कायम असतो. ग्रिंकोव्ह आणि गोर्दीवा यांनी १९८७ च्या जागतिक स्पर्धेत अशा चार गिरक्या करून दाखवल्या होत्या. हे ज्याला सहज जमते त्याचे हृदय ठणठणीत असणार, असेच कोणीही धरून चालेल. मात्र शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या कमालीच्या अरुंद झालेल्या आढळल्या. व्यायामाने हृदयाच्या स्नायूची क्षमता वाढते, पण धमनीच्या भिंतीत साचलेला मेदाचा थर त्यामुळे नाहीसा होतोच असे नाही. असा थर फुटला की रक्तबिंबिका तेथे गोळा होतात आणि गुठळी तयार होऊन रक्तप्रवाह काही मिनिटांत थांबू शकतो.

इतक्या तरुण खेळाडूच्या बाबतीत हे का घडावे, हा प्रश्न बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ पास्कल गोल्डश्मिट-क्लेरमाँट यांना पडला. रक्तबिंबिकांच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन फायब्रिनोजेनला (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या रक्तातील प्रथिनाला) पकडून ठेवते आणि त्यामुळे बिंबिका एकमेकींना चिकटतात. काही लोकांमध्ये या प्रथिनाच्या साखळीतील ३३ व्या स्थानी ल्यूसिनऐवजी प्रोलीन हे अमिनो आम्ल असते. या रूपाला पीएलए-२ म्हणतात आणि ते ग्रिंकोव्ह यांच्या रक्तात सापडले. त्याच गटाने एप्रिल १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७१ हृदयरुग्णांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांत हे रूप आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या ६८ जणांत ते १९ टक्के होते. वृत्तपत्रांनी ही बातमी उचलून धरली आणि या जनुकीय रूपाला ‘ग्रिंकोव्ह जोखीम घटक’ असे नावही मिळाले.

प्रसिद्धीच्या मानाने पुरावा तोकडा होता, हे येथे सांगणे भाग आहे. पुढे कितीतरी मोठ्या गटांवर झालेल्या अभ्यासांपैकी काहींमध्ये हा संबंध क्षीण दिसला, तर काहींमध्ये दिसलाच नाही. शिवाय युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पाचातील एकाला हे रूप लाभलेले असते आणि त्यांतील बहुतेकांना तरुणपणी असा झटका येत नाही. त्यामुळे या एका बदलावर ग्रिंकोव्ह यांच्या मृत्यूचा सारा भार टाकता येणार नाही.

त्यामानाने साधी वाटणारी एक माहिती अधिक बोलकी आहे. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला वयाच्या ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर ती गोष्ट रुग्णाच्या जोखमीत धरतात आणि त्यासाठी प्रयोगशाळेतील कोणतीही जनुकीय चाचणी लागत नाही, केवळ विचारपूस पुरते. ग्रिंकोव्ह यांच्या वडिलांचा मृत्यू हृदयविकाराच्या झटक्याने, वयाच्या ५२ व्या वर्षी झाला होता.